राखाडी टिकलीचा फ्यूज

२२ नोव्हेंबर

हा फ्यूज माझा नाही! काल सेंकाच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून नवा कोरा आणला, स्वतःच्या हाताने बसवला, टोपी घट्ट पिळली. आज बाजारातून आले, सहज फ्यूजची पेटी उघडली तर टोपीच्या काचेतून फ्यूजच्या तोंडावरची रंगीत टिकली दिसेना. टिकली पडली म्हणजे फ्यूज गेलेला. पण घरात दिवा चालू, माझ्या नवऱ्याच्या, झिकाच्या खोलीतला हीटर चालू! टोपी काढून बघते तर काय – पिवळट पडलेला जुना चिनीमातीचा फ्यूज, आणि त्याच्या पोटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. माझा नवा फ्यूज गायब.

पेटी जिन्यात, आमच्या दाराला लागून. या मजल्यावर बिऱ्हाडं तीन. एक आमचं. एकाचा मालक स्वित्झर्लंडला, दार वर्षभर बंद. उरला तिहोमिर. मी कुणाचं नाव घेत नाही. नुसतं लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर

तारवाला फ्यूज रुमालात बांधून सेंकाकडे नेला. तिने बघितला आणि हसायलाच लागली. "मावशी, हे अजून कोण करतंय? मला वाटलं देशावर निर्बंध होते त्या वर्षांबरोबरच हे गेलं!"

गेलं कसलं! तेव्हा दुकानात फ्यूज मिळत नव्हते, तर अख्खं वाल्येवो गाव जळके फ्यूज तारा गुंडाळून चालवायचं. आमच्या इमारतीतला एकेक पुरुष त्यात स्वतःला उस्ताद समजायचा. जळका फ्यूज टाकायचा नाही ही सवय सगळ्यांना तेव्हापासून लागली. प्रत्येकाच्या घरात एक बरणी भरलेली असतेच.

सेंका म्हणाली, "तार गुंडाळलेला फ्यूज जातच नाही. हीच तर भानगड. फ्यूजने वेळेवर जावं म्हणून तर तो असतो! हा जात नाही, मग भिंतीतली वायर तापत बसते." तुमच्या इमारतीत जुनी अॅल्युमिनियमची वायर आहे ना, असंही विचारलं. आहे. आत झिका. त्याला पळता येतं का?

मग तिने मला रंग शिकवले. हिरवी टिकली सहा अँपियर, लाल दहा, राखाडी सोळा, निळी वीस, पिवळी पंचवीस. आमची राखाडी. पेटीत तळाशी त्याच मापाची कडी असते, म्हणजे राखाडीच्या जागी निळा घालायचा म्हटलं तरी बूड बसत नाही. किती हुशारीने केलंय! आणि त्या हुशारीवर आमच्या लोकांनी तार गुंडाळली.

वर "पाचशे व्होल्ट" लिहिलेलं असतं आणि इंग्रजी जी दोनदा, आधी छोटा, मग मोठा. म्हणजे घरातल्या सगळ्या कामाला चालणारा, थोडंसं जास्त झालं तरी राखणारा. मी आता दुकानात चष्मा लावून वाचूनच घेते. कुणी मला गंडवायचं नाही.

२६ नोव्हेंबर

विचार केला. कोणाचा फायदा?

तिहोमिरने उन्हाळ्यात दोनदा विचारलं होतं, "शेजारीणबाई, घर कधी विकायचं झालंच तर मला आधी सांगा हं. पोराला हवंय." हसत हसत. आणि गेल्या महिन्यात म्हणाला, "झिकाच्या हीटरला वेगळी वायर ओढून देतो. एका लाईनवर हीटर, कपड्यांचं मशीन, शेगडी – किती ओढणार ती बिचारी?" माणूस आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त करत होता, त्याला वायरीतलं कळतं. म्हणूनच तर! घरात शिरायचंय त्याला. मी म्हटलं, नको, आमचं चाललंय.

चाललंय कसलं. ईस्टरनंतर झिकाला झटका आला तेव्हापासून रोज चादरी धुवायच्या. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एक "एहे" तेवढा राहिलाय. भूक लागली एहे, नको एहे, दार लाव एहे. सुरुवातीला नर्स यायची, त्याचा पाय उचलून उचलून व्यायाम घ्यायची. म्हणायची, थोडं उभं करा त्याला. मी एकदा केला आणि दोघंही पडलो. नंतर नाही. पलंगावर आहे तो बरा, निदान अख्खा आहे.

त्याला काय कळतं आणि काय नाही, देव जाणे. मी आपली बोलते. चाळीस-बेचाळीस वर्षांची सवय.

आणि यास्ना. माझीच पोरगी, पण नोवी सादहून फोनवर हुकूम सोडते. फ्यूज आणला त्याच्या आधीच्या रविवारी माझे हात पिठात होते म्हणून फोन मोठ्या आवाजावर लावून झिकाच्या पलंगाशी ठेवला होता. म्हणाली, "आई, परवा तुमच्याकडे दोन तास अंधार होता, बाबा गारठले. हे असं चालणार नाही. पुन्हा फ्यूज गेला की मी बाबांना वृद्धाश्रमात नेणार. जागा बघून ठेवली आहे."

वृद्धाश्रमात! जिथे हातातला चमचा पडला तर उचलून द्यायला कोणी नसतं. म्हणून तर मी चांगला फ्यूज आणला. आणि तो कुणीतरी चोरला. अंधार व्हावा, यास्नाने झिकाला न्यावं, मी एकटी उरावी, घर विकावं. दिवा लागल्यासारखं सगळं स्वच्छ दिसतंय.

२७ नोव्हेंबर

टोपीला हात लावून बघितला. कोमट!! आत पुन्हा तार! लगेच नवा राखाडी बसवला.

३ डिसेंबर

काल चादरी मशीनमध्ये, हीटर चालू, शेगडीवर सूप. टक् – अंधार. खरा फ्यूज, खरा गेला. यास्नाला कळवायचं नव्हतं, पण तिचा नेमका तेव्हाच फोन. "आई, तुझा आवाज असा का येतोय? अंधारात बसली आहेस ना?" मुलीला आवाजातलासुद्धा अंधार दिसतो.

नवा राखाडी लावला. आज दवाखान्यातून औषधं घेऊन येते तर – पुन्हा तार!

५ डिसेंबर

आज तार उलगडली नाही, नीट बघितली. गुंडाळी उलटी आहे. आपण उजव्या हाताने दोरा रिळावर घेतो त्याच्या बरोब्बर उलटी. डावखुऱ्या माणसाचं काम!

तिहोमिर डावखुरा. मी त्याला डाव्या हाताने पाव कापताना शंभरदा पाहिलाय. जेवायला बसला की शेजारच्याला कोपर लागतंच.

९ डिसेंबर

नवा राखाडी बसवून पेटीला कुलूप ठोकलं. किल्ली आमच्या दाराच्या आतल्या खिळ्याला. तिहोमिर खालून पिशवी घेऊन आला, बघत उभा राहिला. "शेजारीणबाई, आत काय सोनं ठेवलंय?"

"ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"मला नाही ठाऊक."

"मग बरंच आहे!"

तो आपल्या दारापर्यंत गेला, थांबला. आत जाऊन एक फ्यूज घेऊन बाहेर. "घ्या. लिफ्टच्या कामातला उरलाय, चांगला आहे. फटकन जाणार नाही." मी घेतला. न घेणं बरं दिसलं नसतं. घरात येऊन चष्मा लावला. टिकली राखाडी. पण बाजूला हे काय? गोगलगाय! छापलेली, शिंगांसकट.

सेंकाला विचारलं. गोगलगाय म्हणजे हळू जाणारा फ्यूज. मोटर सुरू होताना दणका बसतो, तेवढ्यात तुटू नये म्हणून. "घरात तसा वापरायला हरकत नाही, मावशी, पण तुमच्या वायरीला मी नाही देणार." ऐकलं? हळू जाणारा! आधी वायर जाऊ दे, मग भिंत जाऊ दे, मग आम्ही दोघं जाऊ दे, मग हा जाईल रमतगमत.

गोगलगाय ड्रॉवरमध्ये टाकली. पुरावा.

१४ डिसेंबर

कुलूप जसंच्या तसं. काचेतून राखाडी टिकली दिसतेय. आली ना अक्कल ठिकाणावर!

झिकाला सांगितलं. "बघ, टिकली नव्हती म्हणूनच मी तारवाला ओळखला होता. आता टिकली आहे." एहे, म्हणाला. दुधात भिजवलेला पाव भरवला, सगळा खाल्ला नाही, मुठीत धरून बसला. हल्ली असंच करतो.

१६ डिसेंबर

डोकं फिरलंय माझं. काचेवर धूळ होती म्हणून टोपी काढली. टिकली चिकटवलेली! जळक्या फ्यूजची टिकली, खाली खिडकीच्या काचेला लावतात त्या लुकणासारखं काहीतरी पांढरं लावून बसवलेली. आणि पोटावर तार. कुलूप बंद!

दोन गोष्टी. एक, तिहोमिरने दुसरी किल्ली करून घेतली आहे. लिफ्टवाल्याला कुलूप म्हणजे काय! दुसरी, आणि ही जास्त वाईट – टिकलीवरून ओळखते हे त्याला कळलं कसं? मी सेंकाशी बोलले तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. घरी फक्त झिकापाशी बोलले. झिकाला सांगितलं म्हणजे उशीला सांगितलं! मग तिहोमिर भिंतीला कान लावून बसतो. भिंत कागदासारखी आहे. त्याच्याकडचा खोकलासुद्धा मला ऐकू येतो.

आजपासून झिकापाशी काहीही बोलायचं तर रेडिओ मोठा करून.

२० डिसेंबर

नव्या राखाडीवर नखांच्या लाल रंगाने माझ्या नावाचं अक्षर घातलं – ल्युबिंकातला ल. बघू आता!

जिन्यात तिहोमिर भेटला. "शेजारीणबाई, रेडिओ जरा हळू लावा, झिकाच्या डोक्याला त्रास होईल." म्हणजे ऐकू येईनासं झालं ना!

२३ डिसेंबर

ल गायब. तार.

मी रडले. खरंच रडले, स्वयंपाकघरात, नळ सोडून. झिका आतून एहे एहे करत राहिला, मी गेले नाही.

७ जानेवारी

नाताळ, आमचा जुन्या पंचांगाचा. यास्ना आलीये, मोठी गाडी घेऊन. बाबांच्या उशीवर हात फिरवत म्हणाली, "आई, माझ्यावर रागावू नकोस. तू वाळून गेली आहेस. सोमवारपासून जागा रिकामी होतेय. मी हो म्हणून ठेवलंय, नाही म्हणता येतं अजून. स्लावा होईपर्यंत मी बघते. घर उबदार, दिवा चालू – तर राहू दे बाबा. पुन्हा अंधार झाला तर नाही."

मी म्हटलं होणार नाही. रेडिओ बंदच होता. यास्नासमोर कसा लावणार?

परवा स्लावा. आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, पाहुणे न बोलावता येतात. काल उघडून बघितलं, तारच होती. तार ठेवून पाहुणे बसवायचे आणि भिंत पेटली तर? काढली. खरा राखाडी बसवला, आणि आता स्लावा संपेपर्यंत दारातून हलायची नाही. खुर्ची तिथेच टाकलीये. यास्ना म्हणते, "आई, तू रखवालदार आहेस का?" आहे.

९ जानेवारी

भांडी तशीच टाकून लिहायला बसले.

सगळं छान झालं होतं. कोबीच्या पानांत खिमा भरलेला सार्मा दोन भांडी, गहू शिजवलेला, केक, वाल्येवोची ती बारीक दोऱ्यासारखी डुकराची कुरकुरीत चरबी – यास्नाला लहानपणापासून आवडते. झिकाला पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसवला, गुडघ्यावर शाल. मेणबत्ती लावली. लोक आले. आणि तिहोमिर आला! हातात वाईनची बाटली, गळ्यात टाय. स्लावेला आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. बसवला त्याला. ताट वाढलं. डाव्या हाताने चमचा उचलला, नेहमीसारखा. माझं लक्ष त्याच्या हातावर.

यास्नाने मदत म्हणून शेगडीवर दुसरं भांडं ठेवलं. हीटर चालू. मशीनमध्ये तिने चादरी टाकलेल्या, मला न विचारता. टक्.

मेणबत्तीच्या उजेडात यास्ना हळूच म्हणाली, "बस झालं, आई." एवढंच. आणि मला काय झालं देव जाणे, मी उभी राहिले आणि तिहोमिरला म्हटलं, सगळ्यांसमोर, स्लावेच्या टेबलावर, "खाऊन झालं असेल तर जा! पेटीतले फ्यूज बदलतोस, तारा गुंडाळतोस, आम्हाला जाळायला निघालास! घर हवंय ना? घे!"

त्याने तोंडातला घास गिळला. नॅपकिन घडी करून ठेवला. "ल्युबिंका, आत्ता गेला तो खरा फ्यूज होता. तार असती तर गेला नसता." मग झिकासमोर जरा वाकला, "संतांचा आशीर्वाद असो," म्हणाला आणि गेला.

खरंच. तार असती तर अंधार झाला नसता. हे डोक्यातून जात नाही.

यास्नाला मी हो म्हटलं. ती शनिवारी परत येईल, सामान बांधून ठेव म्हणाली. झिका खुर्चीत एहे, एहे, एहे. शाल खाली पडली होती, कोणी उचलली नव्हती.

१० जानेवारी

यास्ना गेली. तिहोमिरही गेला. खिडकीतून बघितलं, बॅग घेऊन बसस्टँडकडे. खालच्या मजल्यावर कळलं, लेकीकडे, चाचाक गावाला, आठवडाभर. माझ्या तोंडाला कंटाळून, असंच ना? बरं झालं. निदान शेवटचे दिवस फ्यूज शांत राहतील.

झिकाचे स्वेटर काढले. कुठले द्यायचे कळेना. सगळेच घरात घालायचे आहेत.

१२ जानेवारी

बाजारातून आले. कुलूप बंद. टोपी काढली.

तार!!

तिहोमिर चाचाकला आहे. त्याची खिडकी बंद, पडदा ओढलेला, खाली वर्तमानपत्रं साठलीत. मग कोण? कुणाकडे किल्ली आहे? मी इतके दिवस एका माणसाकडे बघत राहिले आणि दुसराच कोणीतरी माझ्या दारापर्यंत येतो आणि जातो. आत झिका एकटा असताना!

म्हातारीला वेड लागलंय असं म्हणतील म्हणून पोलिसांना सांगितलं नाही. लागलंही असेल.

१३ जानेवारी

ठरलं. खरा राखाडी बसवलाय. उद्या झिकाला मोठ्याने सांगायचं, बाजारात चालले, उशीर होईल, मासे घ्यायचेत. दार आपटायचं. आणि वरच्या जिन्याच्या वळणावर उभं राहायचं. तिथून पेटी दिसते, माणूस दिसत नाही. हातात लाटणं. जो येईल तो येईल!

१४ जानेवारी

आमचंच दार उघडलं. झिका. पायजमा, उघडे पाय, भिंतीला खांदा लावून, एकेक पाऊल सरकत. डाव्या हाताने खिळ्यावरची किल्ली आणलेली. कुलूप काढलं, टोपी पिळली, माझा राखाडी खिशात टाकला, तिथलाच जळका बाहेर काढला, तारेचं टोक दातात धरून ओढून घट्ट केलं. मध्ये एकदा कपाळ भिंतीला टेकवून दम घेतला. लुकण नव्हतंच ते, पावाचा गोळा होता. सगळं ऐकत होता तो. यास्नाचा फोनही. दिवा जाऊ नये, एवढंच त्याचं चाललं होतं – अंधार झाला की त्याला नेणार होते ना. आणि मी रोज त्याची तार काढून अंधार आणत होते! लाटणं मी पायरीवर ठेवलं. हाक मारली नाही. मी बघतेय हे कळलं असतं तर तो पडला असता, लाजेनेच पडला असता. तो आत गेल्यावर खाली उतरले, बाजारात गेले, तिथून यास्नाला फोन केला – शनिवारी येऊ नकोस, बाबा कुठेही जात नाही. का, ते सांगितलं नाही. मग तिहोमिरला चाचाकला केला. मी माफी मागितली आणि म्हटलं, आलास की हीटरला वेगळी वायर ओढून दे. "देतो, शेजारीणबाई," म्हणाला. येताना पहिल्या मजल्यापासूनच मोठमोठ्याने खोकत आले, किल्ल्या वाजवत, प्रत्येक पायरीवर थांबत, म्हणजे त्याला पलंगापर्यंत पोचायला वेळ मिळेल.